काळ्या खडकापाशी

जोतीराम बर्फाच्या बोगद्यातून रांगत आत आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, आणि तो एकटाच होता.

सकाळी दहाला मी दोघांना पाठवलं होतं, त्याला आणि धोंडीराम कोळेकरला. खाली हेलिकॉप्टर उतरायच्या सपाटीवर रॉकेलचे कॅन पडले होते, त्यातले दोन आणायचे. जायला अर्धा तास, यायला तासभर. मधे एक नाला. बारा वाजले तेव्हा मी बाहेर जाऊन वाट पाहिली होती. एक वाजल्यावर वारा सुटला आणि समोरचा डोंगर दिसेनासा झाला.

"धोंडीराम कुठाय?" मी विचारलं.

त्याला बोलता येईना. जबडा गारठलेला. मिशीवर बर्फ. मी त्याला धरून बुखारीजवळ नेला. बुखारी म्हणजे आमची रॉकेलची शेगडी. तिच्यावरच आम्ही तगून होतो.

"नाल्यात," तो म्हणाला. "काळ्या खडकापाशी. वरनं बर्फाचा कडा आला. दादा, त्यो जिता हाय. पाय अडकलाय त्याचा."

चौकीवर तो मला हवालदारसाब म्हणायचा. सख्खा भाऊ असलो तरी. माझीच तशी ताकीद होती. त्या दिवशी तो दादा म्हणाला.

मग मला त्याचे हात दिसले. दोन्ही उघडे. बोटं मेणबत्तीसारखी पांढरी, टोकांना निळसर.

बाकीचं सांगण्याआधी आठ दिवस मागचं सांगायला हवं.

काश्मीरच्या उत्तरेला, तेरा हजार फुटांवरची ती चौकी. नोव्हेंबरात खिंड बंद झाली की एप्रिलपर्यंत आम्ही अकरा माणसं आणि बर्फ. झोपडीच्या छपरापर्यंत बर्फ चढलेला, म्हणून दारापासून संडासापर्यंत बोगदा खणलेला. दिवसभर रॉकेलचा धूर. थुंकलं तर थुंकी काळी पडायची. सकाळ-संध्याकाळ वायरलेसवर खाली हजेरी द्यायची. संध्याकाळच्या हजेरीनंतर मी प्रत्येकाच्या हातापायाची बोटं तपासायचो. बुखारीभोवती सगळे मोजे काढून बसायचे आणि मी एकेकाचं पाऊल मांडीवर घेऊन दाबून बघायचो, रक्त परत येतं का. जोतीरामचंही बघायचो. लहानपणी त्याच्या पायातले काटे मीच काढायचो.

तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आमच्या वडिलांनी, आबांनी, लडाखला दोन हिवाळे काढले होते, नाईक म्हणून निवृत्त झाले. त्यांनीच खटपट करून धाकट्याला माझ्या पलटणीत आणवला. "तुझ्या नजरंखाली राहू दे," म्हणाले. वर्षभरापूर्वी त्याचं लग्न झालं होतं. पौषात त्याच्या बायकोचे, सुनंदाचे, दिवस भरणार होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हेलिकॉप्टर टपाल घेऊन आलं. निळ्या अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा. एक माणूस खाली जाऊ शकत होता. सुभेदार मोहिते चौकीचे प्रमुख. ते म्हणाले, "फडतरे, नाव तुम्हीच सांगा."

जोतीराम मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, सुनंदाच्या पायाला सूज आलीया. आईनं लिवलंय. डाक्टर म्हणतोय पहिलटकरीण हाय, जपा. मला धाड."

मी मूळव्याधीनं बेजार झालेल्या एका शिपायाला धाडलं. त्याची गरज मोठी होती, हे खरं. पण माझ्या मनात दुसरंही होतं. फडतऱ्यानं भावाला सीट दिली असं कुणी म्हणायला नको होतं.

त्या संध्याकाळी बोटं तपासताना जोतीरामनं पाय माझ्यापुढे केला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "हवालदारसाब, बोटं काळी पडल्याबिगर सीट मिळत न्हाई म्हना की. मग पाडतो काळी."

पोरं हसली. धोंडीराम सगळ्यात मोठ्यानं हसला. तो जतकडचा, बारीक अंगाचा, गाणारा माणूस. जोतीरामची आणि त्याची ट्रेनिंगपासूनची जोडी होती, एका ताटात जेवायचे. मी हसलो नाही.

आठ दिवसांनी जोतीराम उघड्या हातांनी माझ्यापुढे बसला होता.

मी सुभेदारांना एवढंच सांगितलं की नाल्यात कडा कोसळलाय आणि धोंडीराम खाली आहे. पाच जण एकमेकांना दोरानं बांधून निघालो. नाल्यापाशी पोचलो तर काळा खडकच दिसेना. जोतीराम निघाल्यानंतर दुसरा कडा आला असावा. नाला या काठापासून त्या काठापर्यंत भरून गेला होता, ताज्या, भुसभुशीत बर्फानं. आम्ही लांब काठ्या खुपसत राहिलो. हाका मारल्या. दोन तास. मग वारा इतका वाढला की पुढच्या माणसाची पाठ दिसेना आणि सुभेदारांनी दोर ओढून परत फिरायची खूण केली.

परत आलो तेव्हा अंधारत होतं. जोतीरामचे हात कोमट पाण्याच्या पातेल्यात होते. स्वयंपाक्यानं त्याला चहा पाजला होता. मी बाकीच्यांना बाहेर काढलं, बर्फ वितळवायला, अँटेना बघायला, काहीतरी कामं सांगून.

"सापडला?" त्यानं विचारलं.

"न्हाई. दुसरा कडा आला."

त्यानं डोळे मिटले. मी पातेल्यात गरम पाणी ओतलं. बोटांना आता टरारून फोड येत होते. नखं तुटलेली होती, दोन बोटांवर रक्त साकळलं होतं. मला ते दिसलं होतं. आज शपथेवर सांगतो, दिसलं होतं. उतरताना कुठं खरचटलं असेल, असं मी धरून चाललो.

"हातमोजे कुठं गेले?" मी विचारलं.

"दिले."

"कुणाला?"

"धोंड्याला. त्याचे वाहून गेले हुते."

"वरचे दिलेस. आतले लोकरीचे?"

"ते बी दिले."

मी त्याच्या बोटांकडे बघत राहिलो. त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"दादा, तुला खोटं वाटतंय?"

मी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "ऐक नीट. उद्या चौकशी होईल. तू म्हणशील मी मोजे दिले. ते म्हणतील कुणाला दिले, तर जो मेला त्याला. आठ दिवसांमागं तू याच जागी काय बोललास ते नऊ माणसांनी ऐकलंय. स्वतःच्या हातानं बोटं घालवली असं ठरलं तर कोर्टमार्शल आहे. आणि जिता माणूस टाकून आलास, ते वेगळंच."

"टाकून न्हाई आलो. मदत आणाया आलो."

"ते तुला माहीत, देवाला माहीत. कागदाला माहीत नसतं. उद्या सांगायचं, कडा आला, धोंडीराम डोळ्यांदेखत गेला, जागीच. माझे मोजे कड्यात वाहून गेले. बास."

"पर त्यो बोलत हुता दादा. तासभर बोलत हुता माझ्यासंगं. त्यानं मला..."

"जोतीराम!" मी म्हणालो. "खरंखोटं मला नको सांगूस. मी सांगतो तेवढं बोल."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचं तोंड अर्धवट उघडं होतं. मग त्यानं ते मिटलं, आणि पातेल्यातल्या हातांकडे मान खाली घातली. त्यानंतर त्या विषयावर तो माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांना त्यानं मी सांगितलं तेच शब्दाला शब्द सांगितलं. कागदावर त्याला सही करता येत नव्हती. मी त्याचा अंगठा धरून उठवला आणि साक्षीदार म्हणून खाली माझी सही केली. चौथ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. त्याला सीट मिळाली.

चौकीचा हवालदार म्हणून धोंडीरामच्या घरी पत्र मीच लिहिलं. घरात म्हातारी आई आणि बायको, शेवंता. मी लिहिलं की धोंडीराम क्षणात गेला, त्याला काही कळलं नाही, वेदना झाल्या नाहीत. असं लिहिल्यानं घरच्यांना बरं वाटतं.

जोतीरामची सहा बोटं कापली. दोन अंगठे आणि डाव्या हाताची दोन बोटं उरली. पौषात सुनंदाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. ती बातमी मला वायरलेसवर कळली आणि मी चौकीवर गूळ वाटला. मार्चमध्ये जोतीराम पेन्शन घेऊन इस्पितळातून घरी आला.

मे महिन्यात मी सुट्टीवर घरी गेलो. जोतीराम ओसरीवर बसलेला. सुनंदा त्याला भरवत होती आणि भरवून झालं की पोर त्याच्या मांडीवर ठेवत होती. तो पोरीला कोपरांच्या बेचक्यात धरायचा. मला म्हणाला, "आलास दादा?" आणि पोरीकडे बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी आबा मला घेऊन मळ्याकडे निघाले. बांधावर बसले. चंची काढली, पण पान लावलं नाही.

"निवृत्ती," ते म्हणाले, "दोन हिवाळं म्याबी काढल्यात. कड्यात मानसाचा एक मोजा जाईल. दोन जातील. दोनी हातांचं, आतलं-वरलं, सगळं कसं गेलं?"

मी पायाखालचं ढेकूळ फोडत राहिलो.

"तू हुतास तिथं. तुला काय वाटतं?"

मला सांगता आलं असतं की मला माहीत नाही. तेच खरं होतं. पण आबांपुढे मी लहानपणापासून कधी खोटं बोललो नव्हतो, आणि त्या क्षणी मला वाटलं, मनातलं सांगणं म्हणजेच खरं सांगणं.

"आठ दिवस आधी तो खाली जायचं म्हणत होता," मी म्हणालो. "बोटं काळी पाडतो म्हणाला होता."

आबांनी चंची गुंडाळून कमरेला खोचली. उठले. घराकडे चालू लागले. त्या दिवसापासून ते जोतीरामच्या पंगतीला बसले नाहीत. तो ओसरीवर आला की ते गोठ्याकडे जायचे. जोतीरामनं कुणाला काही विचारलं नाही. पंधरवड्यात बायको-पोरीला घेऊन तो कोरेगावकडे सासुरवाडीला निघून गेला. सासऱ्याची पिठाची गिरणी होती. एस.टी.त मीच त्यांचं सामान चढवलं. खिडकीतून सुनंदा मला म्हणाली, "भावजी, आबांना काय झालं अचानक?" मी म्हणालो, वय झालं.

जूनच्या शेवटी मी परत चौकीखालच्या तळावर होतो. नाल्यातला बर्फ उतरला होता. एका गस्तीच्या तुकडीनं कळवलं की काळ्या खडकापाशी एक देह दिसतोय. सुभेदार मोहिते आणि मी चार माणसं घेऊन गेलो.

धोंडीराम खडकाला टेकून बसला होता. उजवा पाय गुडघ्यापासून खाली दगडांत अडकलेला. पायाभोवती हातभर खोल खड्डा उकरलेला होता. कातळापर्यंत. फावड्यानं उकरलेला नव्हता, काठ वेडेवाकडे होते. त्याच्या डोक्याला आणि कानांना आईनं विणलेला जोतीरामचा तपकिरी मफलर गुंडाळलेला होता. जोतीराम त्या दिवशी मफलरशिवाय आला होता हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी फक्त हात बघितले होते.

धोंडीरामच्या दोन्ही हातांत मोजे होते. आतले लोकरीचे, वर कातडी. मनगटाशी बुटाच्या नाड्यांनी बांधलेले, दोन दोन गाठी मारून. मी एक नाडी कापली आणि मोजा उलटा केला. आत शाईनं नंबर होता. जोतीरामचा.

सुभेदार माझ्या मागे उभे होते.

"फडतरे," ते म्हणाले, "जोतीरामच्या जबाबात तर डोळ्यांदेखत गेला असं आहे."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या संध्याकाळचं, पातेल्याजवळचं, शब्दन् शब्द. ते टोपी काढून खडकावर बसले.

"हे मी वर कळवलं तर त्याचा जबाब खोटा ठरतो," ते म्हणाले. "त्याखाली तुमची सही आहे. तुमच्या हवालदारकीच्या फिती जातील, ते राहू द्या. पण त्याचं पेन्शन त्याच कागदावर मंजूर झालंय. कागद खोटा निघाला तर तेही अडकेल. पदक तर लांबच राहिलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी सांगा. तेवढं तरी तुमच्या हातात आहे."

मी पत्र लिहायला तीनदा बसलो. असली गोष्ट कागदावर कशी सांगायची, समोर बसूनच सांगू, असं म्हणून तिन्ही वेळा फाडलं. सुट्टी दिवाळीत होती. त्यात चार महिने गेले. त्या चार महिन्यांत खाली काय घडत होतं हे मला कळायला मार्ग नव्हता, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो.

दिवाळीत आधी आबांना सांगितलं. ते ऐकत असताना त्यांचा एक हात सारखा गुडघ्यावरून फिरत होता. शेवटी म्हणाले, "मी कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्याकडं? तू जा." आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

कोरेगावला पोचलो तेव्हा जोतीराम गिरणीत होता. पिठानं पांढरा झालेला. पट्टा चढवायचं काम त्याला जमत होतं, अंगठा आणि मनगट यांच्या मधे धरून. मला बघून त्यानं गिरणी बंद केली. आम्ही मागच्या अंगणात बसलो. त्याची पोरगी धान्याच्या पोत्याला धरून उभी राहायला बघत होती.

"धोंडीराम सापडला," मी म्हणालो.

तो पुढे सरकला. "बसल्याला हुता?"

"हो. खडकाला टेकून."

"मोजं हुतं हातात?"

"होते."

"गाठी सुटल्या नव्हत्या?"

"नाही. नाड्या कापायला लागल्या."

त्यानं इतका लांब श्वास सोडला की पोरीनं वळून त्याच्याकडे पाहिलं. "बोटात जीव नव्हता माझ्या," तो म्हणाला. "दातानं मारल्या त्या गाठी. सुटल्या असतील असंच वाटायचं. रोज वाटायचं."

मी त्याच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यानं पाय मागे घेतला.

"मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, जोतीराम."

"ठावं हाय मला. तवाच कळलं." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तू मला बोलू दिलं असतंस तर एक गोष्ट झाली असती. धोंड्यानं निरोप दिला हुता."

"कसला निरोप?"

तो पिठाचे हात बघत सांगू लागला. "लग्नाला सहा वर्सं झाली त्याच्या. मूल न्हाई. म्हातारी शेवंतावैनींना लई बोलायची. वांझ म्हनायची. दुसरी करून आनायचं चाललं हुतं. मागल्या साली मिल्ट्रीच्या डाक्टरनं धोंड्याला तपासलं. दोष त्याच्यात निघाला. लाजंपायी त्यानं कुनाला सांगितलं न्हाई, बायकुला बी न्हाई. तिथं खडकापाशी रडला. म्हनला, जोत्या, मी न्हाई आलो तर आईला सांग, दोष माझा हाय. शेवंताला घराभाईर काढू नका म्हनावं. चार डाव माझ्याकडनं वदवून घेतलं."

"मग घरी आल्यावर का नाही सांगितलंस त्यांना? मार्चपासून तू मोकळाच होतास की."

"काय सांगू? तुझं पत्र गेलं हुतं, जागीच गेला, काय कळलं न्हाई. जो जागीच गेला त्यानं निरोप कवा दिला? मी खरं बोललो असतो तर तुझी सही खोटी पडली असती." तो थांबला. "आन् सख्खा भाऊ इस्वास ठेवीना. ती म्हातारी काय म्हनून ठेवील?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं आम्ही जतकडे निघालो. वाटेत मी म्हणालो, "तिथं सगळं मी सांगतो. चूक माझी आहे, ते मीच सांगणार."

"बघू," तो म्हणाला.

धोंडीरामची आई दारातच बसली होती. डोळ्यांनी अधू. जोतीराम आहे म्हटल्यावर तिनं त्याचे हात चाचपले आणि जिथं बोटं संपली तिथं तिची बोटं थबकली. तिथं जोतीराम एकट्यानंच बोलला. म्हातारी ऐकत राहिली. मग एकाएकी तिनं दोन्ही हातांनी तोंडावर मारून घेतलं.

"नागपंचमी झाल्यावर काढली मी तिला," ती म्हणाली. "लेक गेला, नातू न्हाई, तुझा पाय वंगाळ म्हनून. सारा गाव हुबा हुता. कुनी म्हनलं न्हाई म्हातारे, थांब. आता कुठनं आणू तिला? यील व्हय ती?"

शेवंता सात मैलांवर भावाच्या घरी होती. आम्ही चालत गेलो. भावजयीनं आम्हाला बघून कपाळाला आठी घातली आणि मागच्या बाजूला बोट दाखवलं. गोठ्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांचा ढीग होता आणि ती शेंगा फोडत बसली होती. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. फोलपटांनी तिची बोटं चिरली होती. जोतीरामला ओळखून तिनं पदर सावरला.

तो तिच्यापुढे जमिनीवर बसला आणि त्यानं निरोप सांगितला. धोंडीरामच्याच शब्दांत.

ती शेंगा फोडायची थांबली. "त्येंच्या तोंडानं म्हनालं? दोष माझा हाय म्हनून?"

"व्हय वैनी. चार डाव."

"कवा?"

"त्याच दिशी. गेला त्या दिशी. तासभर बोलत हुता."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "पर कागदात तर जागीच गेलं असं लिवलं हुतं. तो कागद मी कुनाकुनाकडनं वाचून घेतला. समद्यांनी तेच वाचलं."

जोतीरामनं मान डोलावली.

"अकरा म्हैनं झालं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पंचमी झाली आन् मला भाईर काढली. वांझोटी म्हनून येशीपत्तूर आरडत आलं समदं. त्याच्या आदी का न्हाई सांगितलंसा?"

जोतीरामनं एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. थांबला. मी बोलायला तोंड उघडलं. मला सगळी वाक्यं माहीत होती, सगळी वाट मी तीच घोकत आलो होतो. समोर ती बाई होती, तिचे चिरलेले हात होते, आणि मी तोंड मिटलं. गोठ्यातल्या म्हशीनं शेपटी आपटली.

मग जोतीरामनं आपले हात वर केले. "हात असं झालं, वैनी. लिवता येईना."

तिनं ते हात पाहिले. नीट पाहिले. मग म्हणाली, "तोंड हुतं की तुमास्नी, भावजी."

"व्हय," तो म्हणाला. "चुकलं माझं."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते त्यानं मान खाली न घालता सोसलं. मी त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर बसलो होतो.

शेवटी तिनं डोळ्यांना पदर लावला, उठली, आणि माझ्याकडे वळून त्याला विचारलं, "आन् ह्ये कोन?"

"माझा थोरला भाऊ," जोतीराम म्हणाला. "मला सोबत म्हनून आलाय."

तिनं आतून तांब्या भरून आणला आणि आधी माझ्यापुढे धरला. मी पाणी प्यालो.